'लाइटनिंग' : एका पाणतीर-नौकेचा सेवाकाल (१८७६–१८९६)

एखाद्या युद्धनौकेचा इतिहास म्हणजे तिने लढलेल्या लढायांचा इतिहास, असा समज सर्वसामान्य वाचकांत रूढ आहे. इतिहासाचे अभ्यासकही त्यापासून सर्वस्वी मुक्त नाहीत. या कसोटीने पाहिल्यास ब्रिटिश नौदलातील 'लाइटनिंग' या पाणतीर-नौकेस, म्हणजेच टॉर्पेडो बोटीस, इतिहासच नाही असे म्हणावे लागेल. १८७६ साली तिची बांधणी झाली, १८७७ साली ती नौदलाच्या सेवेत आली आणि १८९६ साली ती मोडीत काढण्यात आली. या वीस वर्षांत तिने शत्रूवर एकही पाणतीर सोडला नाही. तथापि या नौकेने जे प्रश्न उपस्थित केले, त्यांची उत्तरे शोधताना जगातील मोठमोठ्या आरमारांची रचना पालटली. लढाई न करताही एखादे शस्त्र इतिहास कसा घडविते, याचे 'लाइटनिंग' हे एक बोलके उदाहरण होय.

१. पाणतीराची पूर्वपीठिका

'टॉर्पेडो' या शब्दाचा आजचा अर्थ प्रारंभी नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत पाण्याखाली उडविल्या जाणाऱ्या कोणत्याही स्फोटकास हा शब्द लावला जाई. आज ज्याला आपण पाणसुरुंग म्हणतो त्याचाही त्यात समावेश होत असे. अमेरिकन यादवी युद्धात लांब दांड्याच्या टोकास स्फोटक बांधून ते शत्रूच्या नौकेस भिडविण्याची रीत प्रचारात आली. १८६४ च्या फेब्रुवारीत 'हनली' या पाणबुडीने या उपायाने 'हौसाटॉनिक' ही नौका बुडविली, पण ती स्वतःही परतली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात लेफ्टनंट कुशिंग याने एका लहानशा वाफेच्या होडीतून जाऊन 'अल्बेमार्ल' या चिलखती नौकेस जलसमाधी दिली. या प्रकारच्या हल्ल्यात यश आणि आत्मनाश यांत फारसे अंतर नसे. कारण दांड्याची लांबी हेच काय ते मारा करणारा आणि माऱ्याचे लक्ष्य यांमधील अंतर होते.

हे अंतर वाढविण्याचे श्रेय रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज अभियंत्याकडे जाते. तो त्या वेळी ऑस्ट्रियन साम्राज्यातील फ्यूमे या बंदरात, म्हणजे आजच्या क्रोएशियातील रिएका येथे, यंत्रशाळा चालवीत होता. जोवान्नी लुप्पिस या निवृत्त ऑस्ट्रियन नौदल अधिकाऱ्याने किनाऱ्यावरून दोऱ्यांनी हाकावयाच्या एका स्फोटक होडीची कल्पना त्याच्यापुढे मांडली. ती कल्पना व्यवहार्य नाही, हे व्हाइटहेडला उमगले. परंतु तिच्यातूनच १८६६ साली पाण्याखालून स्वतःच्या बळावर धावणारे एक यंत्र निर्माण झाले. दाबलेल्या हवेवर चालणारे इंजिन, शेपटीकडे फिरणारा पंखा आणि अग्रभागी स्फोटक अशी त्याची ढोबळ रचना होती. खरी अडचण होती ती खोलीची. पाणतीर कधी पृष्ठभागावर उसळे, तर कधी तळाशी जाई. पाण्याच्या दाबाने हलणारा पडदा आणि लंबक यांची सांगड घालून व्हाइटहेडने १८६८ च्या सुमारास ही अडचण दूर केली. ही युक्ती दीर्घकाळ 'गुपित' या नावानेच ओळखली जात असे.

१८७० साली मेडवे नदीच्या मुखाशी ब्रिटिश नौदलासमोर झालेल्या चाचण्यांत व्हाइटहेडच्या पाणतीराने १३६ यार्डांवरून 'एग्ल' या जुन्या नौकेचा तळ फोडला. पुढील वर्षी ब्रिटिश सरकारने १५,००० पौंडांस निर्मितीचे हक्क विकत घेतले आणि वुलिच येथील शासकीय कारखान्यात पाणतीर तयार होऊ लागले. शस्त्र हाती आले. परंतु ते शत्रूजवळ नेऊन सोडावयाचे कसे, हा प्रश्न अनुत्तरितच होता.

२. दोन उत्तरे : गुप्तता आणि वेग

या प्रश्नाचे पहिले उत्तर म्हणजे १८७४ साली पेंब्रोक येथे जलावतरण झालेली 'व्हेसुव्हियस'. सुमारे अडीचशे टनांच्या या नौकेचा वेग जेमतेम साडेनऊ नॉट होता. तिचे सामर्थ्य गुप्ततेत असावे, अशी योजना होती. धूर दिसू नये म्हणून तिच्या भट्टीत कोक जाळावयाचा, उंच धुराडे ठेवावयाचे नाही, आणि रात्रीच्या अंधारात निःशब्दपणे शत्रूच्या समीप जाऊन नाळेतील पाण्याखालच्या नळीतून पाणतीर सोडावयाचा, असा तिच्या रचनेमागील विचार होता.

दुसरे उत्तर लंडनच्या पश्चिमेस, टेम्स नदीकाठच्या चिझिक येथील एका खाजगी गोदीतून आले. जॉन आयझॅक थॉर्निक्रॉफ्ट (१८४३–१९२८) हा तिचा मालक. त्याचे वडील टॉमस हे शिल्पकार होते आणि घरातील वातावरण कलेचे होते. मुलाची ओढ मात्र वाफेच्या होड्यांकडे होती. १८७१ साली त्याने बांधलेली 'मिरांडा' ही पंचेचाळीस फुटी होडी ताशी सोळा नॉटांहून अधिक वेगाने धावली. इतक्या लहान होडीस असा वेग मिळू शकतो यावर तत्कालीन अभियंत्यांचा विश्वास बसणे कठीण होते, कारण वेग हा लांबीच्या प्रमाणातच वाढावयाचा अशी समजूत होती. १८७३ साली थॉर्निक्रॉफ्टने नॉर्वेच्या नौदलासाठी 'राप' ही बोट बांधून दिली. पाणतीर-नौका म्हणून बांधलेल्या बोटींत 'राप'चा मान पहिला समजला जातो आणि ती हॉर्टन येथे जतन करून ठेवलेली आहे. प्रारंभी मात्र तिच्यावर व्हाइटहेडचा पाणतीर नव्हता. तो नंतर बसविण्यात आला.

यास्तव 'लाइटनिंग' ही जगातील 'पहिली' पाणतीर-नौका होती असे सरसकट विधान करणे युक्त नाही. तिच्या आधी 'राप' होती, आणि व्हाइटहेडचे पाणतीर वाहण्यासाठी बांधलेली 'व्हेसुव्हियस'ही होती. 'लाइटनिंग'चे वैशिष्ट्य निराळे आहे. थॉर्निक्रॉफ्टचा वेग आणि व्हाइटहेडचे स्वयंगामी शस्त्र हे दोन स्वतंत्र प्रवाह ब्रिटिश नौदलात प्रथम तिच्या ठायी एकत्र आले.

३. नौकेची रचना

'लाइटनिंग'ची एकूण लांबी ८७ फूट, रुंदी पावणेअकरा फुटांच्या आसपास आणि वजन साडेबत्तीस टन होते. तिच्यावर पंधरा माणसे काम करीत. रेल्वेच्या इंजिनास असतो त्या धर्तीचा बॉयलर आणि संयुक्त प्रकारचे वाफेचे इंजिन यांच्या साहाय्याने ती ताशी साडेअठरा नॉट वेग गाठी. त्या काळातील मोठ्या चिलखती नौका चौदा-पंधरा नॉटांच्या पुढे क्वचितच जात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते.

हा वेग कोणत्याही एका शोधाचे फळ नव्हता. तो काटकसरीचा परिणाम होता. सांगाड्याचे पत्रे शक्य तितके पातळ ठेवलेले, इंजिनाचे भाग हलके केलेले आणि माणसांच्या राहण्याची सोय अगदी जुजबी, अशा प्रकारे वजनाचा प्रत्येक पौंड हिशेबात धरलेला होता. रेल्वेच्या धर्तीचा बॉयलर आकाराच्या मानाने पुष्कळ वाफ देई; परंतु त्यासाठी भट्टीत हवेचा जोराचा झोत लागे. थॉर्निक्रॉफ्टच्या पद्धतीत भट्टीची खोली सर्व बाजूंनी बंद करून तिच्यात पंख्याने हवा कोंडली जाई. कोळसा टाकणारी माणसे त्या कोंडलेल्या हवेतच काम करीत. बॉयलरची एखादी नळी फुटली तर त्यांना बाहेर पडण्यास वाव फार थोडा असे. पाणतीर-नौकेच्या वेगाची ही किंमत आकड्यांच्या कोष्टकांत दिसत नाही, म्हणून तिची नोंद येथे करणे अगत्याचे आहे.

ज्या वर्षी 'लाइटनिंग'ची बांधणी झाली त्याच वर्षी, म्हणजे १८७६ च्या एप्रिलमध्ये, पोर्टस्मथ येथे 'इन्फ्लेक्सिबल' या चिलखती नौकेचे जलावतरण झाले. तिचे वजन ११,८८० टन, जलरेषेवरील चिलखत जास्तीत जास्त २४ इंच जाडीचे आणि तोफा प्रत्येकी ऐंशी टनांच्या. तिच्यासाठी आठ लाख पौंडांहून अधिक खर्च आला. वजनाच्या दृष्टीने ती 'लाइटनिंग'च्या साडेतीनशे पटींहून मोठी होती. परंतु तिचे चिलखत पाण्याच्या वर आणि जलरेषेच्या आसपास होते. पाणतीर जेथे आदळावयाचा तो तळाचा भाग उघडाच होता. शिवाय तिच्या अवजड तोफांची एक फेर झाडल्यावर दुसरीची तयारी होण्यास मिनिटाहून अधिक वेळ लागे. साडेअठरा नॉट वेगाने येणारी बोट एका मिनिटात सुमारे सव्वासहाशे यार्ड अंतर कापते. पंधराशे यार्डांवर ती दृष्टीस पडली आणि चारशे यार्डांवरून तिने पाणतीर सोडला, असे धरल्यास मधला अवधी पावणेदोन मिनिटांचा होतो. या हिशेबानेच तत्कालीन नौदल अधिकाऱ्यांना अस्वस्थ केले. 'इन्फ्लेक्सिबल'वर पुढे दोन साठ-फुटी पाणतीर-नौका ठेवण्यात आल्या, यावरून नव्या शस्त्राची दखल त्या महाकाय नौकेच्या योजकांनाही घ्यावी लागली, हे उघड होते.

४. सेवाकाल

'लाइटनिंग' नौदलात आली तेव्हा पाणतीर सोडण्याची तिची साधने प्राथमिक स्वरूपाची होती. दोन्ही बाजूंस एकेक चौकट बसविलेली असून पाणतीर तीत धरून पाण्यात उतरविला जाई आणि मग मोकळा केला जाई. या रीतीत एक मूलभूत विसंगती होती. बोट वेगाने धावत असता बाजूने उतरविलेला पाणतीर पाण्याच्या ओघाने वाकडा जाई. तो सरळ जावा म्हणून बोटीने वेग कमी करावा लागे किंवा थांबावे लागे. ज्या वेगासाठी बोट बांधली तोच ऐन क्षणी सोडून द्यावयाचा, असा हा प्रकार होता.

१८७९ साली ही विसंगती दूर करण्यात आली. बाजूच्या चौकटींऐवजी नाळेवर डेकच्या पातळीस पाणतीर सोडण्याची एक नळी बसविण्यात आली आणि आणखी दोन पाणतीर मध्यभागी गाड्यांवर ठेवण्याची व्यवस्था झाली. पाणतीर चौदा इंच व्यासाचे होते. आता बोट शत्रूकडे तोंड करून, वेग न सोडता मारा करू शकत होती. अर्थात या उपायातूनही नवे प्रश्न उद्भवले. नाळेवर वजन आल्याने पाणी अंगावर येई. आणि पुढील काळात बोटींचा वेग वाढत गेला तेव्हा आपणच सोडलेल्या पाणतीरावर आपली बोट जाऊन आदळेल की काय, अशी शंकाही घेतली जाऊ लागली. अखेरीस डेकवर फिरवून रोखता येणाऱ्या नळ्याच सर्वमान्य झाल्या. अर्थात प्रत्येक टप्प्यावर अडचण कोठे आहे हे आधी प्रत्यक्ष बोट चालवूनच कळले.

हा अनुभव जमविण्याचे कार्य ज्या संस्थेत झाले ती म्हणजे पोर्टस्मथ येथील 'व्हर्नन'. एका जुन्या शिडाच्या जहाजावर स्थापन झालेली ही पाणतीर-शाळा १८७६ साली तोफखान्याच्या शाळेपासून विभक्त होऊन स्वतंत्र झाली. 'लाइटनिंग'ची बव्हंशी सेवा या शाळेशी संलग्न राहूनच झाली. तिच्यावर अधिकारी व खलाशी पाणतीर हाताळण्याचे शिक्षण घेत आणि नव्या योजनांची परीक्षा होई. 'व्हेसुव्हियस'नेही प्रायोगिक व शैक्षणिक कार्यातच आपले आयुष्य वेचले. गुप्तता व वेग ही दोन प्रतिस्पर्धी उत्तरे अशा रीतीने एकाच संस्थेच्या छायेत वावरत होती. त्यांपैकी वेगाचे उत्तर ग्राह्य ठरले, हे लवकरच स्पष्ट झाले. नौदलाने थॉर्निक्रॉफ्टकडून त्याच धर्तीच्या आणखी अकरा बोटी घेतल्या आणि त्यांस २ ते १२ असे क्रमांक मिळाले. 'लाइटनिंग' स्वतः 'पाणतीर-नौका क्रमांक १' झाली. नाव जाऊन क्रमांक येणे ही तशी कार्यालयीन बाब; परंतु तिचा अर्थ असा की, अपवाद म्हणून बांधलेली नौका आता एका वर्गाची आद्य प्रतिनिधी ठरली होती.

५. रणभूमीवरील साक्ष

'लाइटनिंग'चे शिक्षणकार्य चालू असता पाणतीराची खरी कसोटी अन्यत्र लागत होती. २९ मे १८७७ रोजी पेरूच्या किनाऱ्याजवळ 'शाह' या ब्रिटिश नौकेने 'वास्कार' या बंडखोर चिलखती नौकेवर व्हाइटहेडचा पाणतीर सोडला. प्रत्यक्ष लढाईत असा पाणतीर सोडण्याचा हा पहिलाच प्रसंग. 'वास्कार' वळून निघून गेली आणि पाणतीर तिला गाठू शकला नाही. १८७८ च्या जानेवारीत मात्र बाटुमच्या नांगरवाड्यात मकारॉव्ह याच्या हुकुमतीखालील दोन रशियन होड्यांनी रात्री शंभर यार्डांच्या आत जाऊन 'इन्तिबाह' हे तुर्की जहाज बुडविले. दूरवरून आणि उघड दिवसा अपयश. जवळून आणि रात्री यश. शस्त्राच्या मर्यादा व सामर्थ्य दोन्ही या दोन घटनांतून प्रकट झाली.

६. प्रतिक्रिया : आरमारांचे रूपांतर

शस्त्राचा परिणाम त्याने केलेल्या संहारावरून मोजावा, तसा त्याच्यापासून बचावासाठी केलेल्या तयारीवरूनही मोजावा. या दुसऱ्या मापाने पाणतीर-नौकेचा परिणाम फार मोठा होता. मोठ्या नौकांभोवती दांड्यांवर पोलादी जाळी टांगण्यात येऊ लागली. रात्री समुद्र उजळण्यासाठी विजेचे प्रकाशझोत आले. नॉर्डेनफेल्ट व हॉचकिस यांच्या शीघ्रमारी तोफांनी डेकवर जागा मिळविली. नौकांच्या तळाची विभागणी करून एक कप्पा फुटला तरी जहाज तरेल अशी रचना होऊ लागली.

१८८५ च्या मार्चमध्ये अफगाण सरहद्दीवरील पंजदेह येथे चकमक झडली आणि ब्रिटन व रशिया यांच्यात युद्ध पेटण्याचा रंग दिसू लागला. त्या धांदलीत ब्रिटिश नौदलाने सव्वाशे फूट लांबीच्या पन्नासांहून अधिक पाणतीर-नौकांची मागणी नोंदविली. त्याच वर्षी ॲडमिरल हॉर्नबी याच्या नेतृत्वाखाली आयर्लंडमधील बेअरहेवन येथे कवायती झाल्या. ३० जून रोजी 'पॉलिफेमस' या नौकेने बंदराचा अडसर पूर्ण वेगाने तोडून दाखविला. परंतु लहान बोटींसंबंधीचा धडा तितका उत्साहवर्धक नव्हता. खवळलेल्या समुद्रात त्या फार काळ टिकत नसत आणि त्यांवरील माणसे थोड्याच दिवसांत थकून जात. बंदराच्या आसऱ्याने काम करणारी बोट आणि आरमाराबरोबर समुद्र ओलांडणारी नौका यांतील भेद त्या वर्षी ठळकपणे पुढे आला.

रशियाविषयीच्या या धास्तीची सावली हिंदुस्थानावरही पडली. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी 'मॅग्डाला' व 'ॲबिसिनिया' या दोन चिलखती नौका आधीपासून होत्या. त्यांच्या जोडीस हिंदुस्थान सरकारसाठी सात पाणतीर-नौका ब्रिटनमध्ये बांधण्यात आल्या. 'बलुच', 'गुरखा', 'करेन', 'मराठा', 'पठाण', 'रजपूत' आणि 'शीख' अशी त्यांची नावे होती. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने ज्या किनाऱ्यावर ब्रिटिश जहाजांना सळो की पळो केले, त्याच किनाऱ्याच्या रक्षणासाठी आणलेल्या ब्रिटिश नौकेस 'मराठा' हे नाव मिळावे, यात इतिहासाचा एक उपरोध आहे. ही नावे ठेवताना योजकांच्या मनात आरमाराची परंपरा नसून लष्करी भरतीच्या जमाती होत्या, हे त्या यादीवरून सहज लक्षात येते. पुढे या नौका ब्रिटिश नौदलाकडे वर्ग झाल्या आणि 'लाइटनिंग'प्रमाणेच त्यांचीही नावे जाऊन क्रमांक आले.

बचावाचा पुढला टप्पा म्हणजे पाणतीर-नौकांचा पाठलाग करणाऱ्या नौका. १८८६ साली जलावतरण झालेली 'रॅटलस्नेक' ही त्यांपैकी एक. परंतु या वर्गाचा वेग एकोणीस नॉटांच्या आसपास होता आणि नव्या पाणतीर-नौका तिच्या हाती लागणे कठीण होते. १८९२ साली ॲडमिरल फिशर याच्या पुढाकाराने यारो आणि थॉर्निक्रॉफ्ट यांच्याकडे सुमारे सत्तावीस नॉट वेगाच्या नौका सोपविण्यात आल्या. त्यांस 'पाणतीर-नौका-विनाशिका' असे लांबलचक नाव होते. कालांतराने त्यातील केवळ 'विनाशिका' एवढाच शब्द उरला. या नौकांवर तोफांबरोबर पाणतीरही होते. त्यामुळे ज्या बोटींचा नाश करण्यासाठी त्या जन्मास आल्या, त्या बोटींचेच काम त्यांनी हळूहळू आपल्याकडे घेतले. त्या अधिक मोठ्या असल्याने आरमाराबरोबर समुद्रात राहू शकत. १८८५ च्या धड्याचे उत्तर अशा प्रकारे मिळाले.

७. समारोप

'लाइटनिंग' हे नाव १८९५ साली पामर्स कंपनीने बांधलेल्या एका विनाशिकेस देण्यात आले. पुढील वर्षी क्रमांक १ ची जुनी बोट मोडीत निघाली. त्याच सुमारास व्हाइटहेडच्या कारखान्याने पाणतीराची दिशा स्थिर राखणारा जायरोस्कोप स्वीकारला. त्यामुळे पाणतीर दूरवर सरळ जाऊ लागला आणि शत्रूच्या अगदी निकट जाण्याची जी गरज 'लाइटनिंग'च्या जन्मास कारण झाली होती, तीच कमी होऊ लागली. नव्या 'लाइटनिंग'चा शेवट ३० जून १९१५ रोजी पाणसुरुंगाने झाला. 'टॉर्पेडो' या शब्दाच्या मूळ अर्थात ज्याचा समावेश होई, त्याच शस्त्राने.

जुन्या 'लाइटनिंग'च्या सेवाकालाकडे पाहताना एक गोष्ट विशेषत्वाने लक्षात येते. तिच्या नावावर विजय नाही, पराजय नाही, रणगीत नाही. तिचे कार्य चाचण्यांचे अहवाल, बदललेले आराखडे आणि शिकून गेलेल्या माणसांचे कसब यांत साठलेले आहे. लढायांच्या याद्यांवरून इतिहास लिहिणाऱ्यास ती दिसणार नाही. पोलादी जाळ्या, प्रकाशझोत, शीघ्रमारी तोफा आणि विनाशिका या सर्वांचा मागोवा घेत जो मागे जाईल, त्याला मात्र चिझिकच्या गोदीतून बाहेर पडलेली साडेबत्तीस टनांची ही बोट भेटल्यावाचून राहणार नाही. शस्त्रांच्या इतिहासात ज्या नौकांनी लढाया जिंकल्या त्यांची नोंद आवश्यक आहेच; परंतु ज्यांच्या केवळ अस्तित्वामुळे इतरांना आपली रचना बदलावी लागली, त्यांची नोंद केल्याखेरीज तो इतिहास पूर्ण होत नाही.